उधारीची वही मिटताना
शेवगावात ग्रामपंचायत जाऊन नगरपरिषद आली, माळवदांच्या जागी स्लॅब चढले आणि किराणा दुकानाच्या गल्ल्यावर क्यूआर कोड चिकटला. २०१६ साली सुरू झालेल्या यूपीआयने सुट्या पैशांची कटकट मिटवली, हे खरेच. पण याच गल्ल्यावर उधारीची लाल वही असे. कापूस विकला की हिशेब चुकता, या बोलीवर कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरी तेल-मीठ पोहोचे. त्या उधारीत कधी चढा भावही दडलेला असे. तिचे गोडवे गाण्याचे कारण नाही. तरीही दुकानदार घर ओळखत होता. यंत्र फक्त खात्यातली शिल्लक ओळखते. पाऊस हुकलेल्या वर्षी ती संपली, तर चूल कोणाच्या भरवशावर पेटवायची? याचे उत्तर नव्या बाजारपेठेने द्यायला हवे.