तोटा कशाला म्हणायचे, गुंतवणूक कशाला : ट्राम, एसटी आणि विमानतळ यांच्या दोन खतावण्या

१/ ९ ऑक्टोबर २०२१. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील चिपी येथे विमानतळाचे उद्घाटन झाले. मुंबईहून प्रवासी घेऊन विमान उतरले, भाषणे झाली, कोकणच्या विकासाचे नवे पर्व सुरू झाल्याचे सांगितले गेले. महिनाभराच्या आतच राज्यभरातील एसटीच्या आगारांत गाड्या उभ्या राहिल्या. सिंधुदुर्गही त्याला अपवाद नव्हता. हा संप एप्रिल २०२२ पर्यंत लांबला.

२/ या दोन घटनांचा परस्परांशी थेट संबंध नाही. पण दोहोंविषयी शासन ज्या भाषेत बोलले, तिची तुलना उद्बोधक आहे. विमानतळावरील खर्च ‘गुंतवणूक’ म्हणून मांडला गेला, तर एसटीवरील खर्च ‘तोटा’ म्हणून. पैसा एकाच तिजोरीतला, मात्र खतावण्या दोन. ही विभागणी कधी आणि कशी झाली, हा या धाग्याचा विषय.

३/ आरंभ मुंबईच्या रस्त्यावरून. ९ मे १८७४ रोजी शहरात घोड्यांनी ओढलेली ट्राम सुरू झाली. पुढे १९०५ मध्ये ‘बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज’ ही कंपनी स्थापन झाली आणि ७ मे १९०७ रोजी विजेवरची ट्राम धावू लागली. शहराला वीज पुरवणारी आणि शहराला फिरवणारी संस्था एकच होती. ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे, कारण पुढचे अर्धे कथानक तीवरच उभे आहे.

४/ १५ जुलै १९२६ रोजी अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट या मार्गावर कंपनीची पहिली मोटारबस धावली. स्वातंत्र्याच्या आठवडाभर आधी, ७ ऑगस्ट १९४७ रोजी, हा सारा कारभार मुंबई महापालिकेच्या हाती आला. ‘बेस्ट’ ही त्या दिवसापासून नागरिकांची मालमत्ता झाली.

५/ पुढील अनेक दशके बेस्टचा हिशेब सरळ होता. वीजपुरवठ्यात शिल्लक पडे, बससेवेत तूट येई, आणि शिलकीतून तूट भागवली जाई. दिवे लावणारे दक्षिण मुंबईतील दुकान आणि कार्यालय गिरणी कामगाराच्या तिकिटाचा काही भार उचलत असे. याला कोणी उपकार म्हणत नसे. कामगार वेळेवर पोहोचला तरच दुकान आणि कार्यालय चालते, हे सर्वांना ठाऊक होते.

६/ तरीही बेस्टच्या छत्राखालीच एक सेवा मावळली. रस्त्यांवर मोटारी वाढल्या आणि ट्राम संथ, जुनाट, वाहतुकीला अडथळा ठरवली गेली. ३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदर ते दादर अशी शेवटची ट्राम धावली. तिला निरोप द्यायला रस्त्याच्या दुतर्फा गर्दी लोटली होती. रस्ता अडतो आहे, हे निदान खरे होते. मात्र तो मोटारींमुळे अडतो की ट्राममुळे, या प्रश्नाचे उत्तर शहराने मोटारींच्या बाजूने दिले.

७/ आता राज्याकडे. १ जून १९४८ रोजी अहमदनगरहून पुण्याकडे राज्य परिवहनची पहिली गाडी निघाली. त्यापूर्वी खासगी मोटारमालक गाडी भरेल तेव्हा सोडत आणि परवडेल त्या गावालाच नेत. ‘एसटी’ या दोन अक्षरांनी खेड्याला दिलेले आश्वासन साधे होते : गाडी भरो वा न भरो, ती वेळेवर येईल.

८/ या आश्वासनाच्या पोटात पहिल्या दिवसापासून तूट होती आणि ती जाणूनबुजून पत्करलेली होती. गर्दीच्या मार्गावरची कमाई आडगावच्या फेरीला पुरवायची, ही त्यामागची युक्ती. त्यासाठीच टप्पा वाहतुकीची मक्तेदारी शासनाने स्वतःकडे घेतली. मुंबईत जे काम वीज करीत होती, ते राज्यात पुणे-मुंबईसारखे भरलेले मार्ग करणार होते.

९/ १९५० च्या मार्ग परिवहन महामंडळ कायद्यात मात्र दोन कलमे शेजारधर्माने नांदू लागली. कलम १८ सांगते की महामंडळाने कार्यक्षम, पुरेशी, स्वस्त आणि सुसूत्र सेवा द्यावी. कलम २२ सांगते की महामंडळाने आपला कारभार व्यावसायिक तत्त्वांवर चालवावा. पहिले कलम सेवेचे, दुसरे धंद्याचे. दोहोंत संघर्ष झाला तर कोणाचे ऐकायचे, हे ठरवणे सत्ताधाऱ्यांच्या मनोवृत्तीवर सुटले.

१०/ त्यात भर पडली कराची. १९५८ च्या कायद्याने मोटार प्रवाशांवर कर बसवला आणि एसटीच्या भाड्यावर दीर्घकाळ साडेसतरा टक्के दराने तो आकारला गेला. म्हणजे शासनाने एका हाताने तिकिटातून कर घेतला, दुसऱ्या हाताने सवलती जाहीर केल्या, आणि सवलतींची भरपाई रखडली की महामंडळ तोट्यात गेल्याचे सांगितले.

११/ पुढे आरामगाड्यांचा काळ आला. कराराच्या परवान्यावर निघालेल्या खासगी ‘ट्रॅव्हल्स’ प्रत्यक्षात टप्पा वाहतूकच करू लागल्या, तीही नेमकी भरलेल्या लांब मार्गांवर. गावोगावी वडाप फोफावले. मलई बाहेर गेली आणि रिकाम्या फेऱ्यांचे ओझे एसटीकडे उरले. मक्तेदारी कागदावर राहिली. तिने पोसलेली परस्परपूरकता मात्र संपली.

१२/ मुंबईतही तेच घडले, वेगळ्या वाटेने. २००३ च्या वीज कायद्यानंतर विजेचे दर नियामक आयोगाच्या कसोटीवर आले. बसची तूट वीजग्राहकाने का सोसावी, हा प्रश्न जोरात विचारला गेला. काही वर्षे वीजबिलात वाहतूक तुटीचा स्वतंत्र आकार लागला, त्यालाही विरोध झाला आणि अखेर तो बंद झाला. १९०५ पासूनची नाळ अशी तुटली. तिच्या जागी दुसरी कायमची व्यवस्था कोणी उभारली नाही.

१३/ परिणाम आकड्यांत दिसतो. २०१० च्या सुमारास बेस्टच्या ताफ्यात चार हजारांहून अधिक बस होत्या. २०२५ पर्यंत ही संख्या तीन हजारांच्या खाली आली आणि त्यांतही बहुसंख्य गाड्या भाड्याच्या. जुलै २०१९ मध्ये किमान भाडे पाच रुपये केले तेव्हा प्रवासी परतले. मे २०२५ मध्ये तेच साध्या बससाठी दहा आणि वातानुकूलित बससाठी बारा रुपये झाले.

१४/ आता आकाशाकडे पाहू. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन अहमदाबादमार्गे जुहूच्या धावपट्टीवर उतरले. या सेवेसाठी टाटांनी सरकारकडे अनुदान मागितले होते. ते मिळाले नाही. टपाल वाहण्याच्या मोबदल्यावरच सेवा सुरू करावी लागली. भारतीय विमानवाहतुकीची पहिली खतावणी अशी विनाअनुदानित होती.

१५/ २०१६ मध्ये केंद्राने आणलेल्या ‘उडान’ योजनेने हे चित्र उलटे केले. तासाभराच्या उड्डाणातील ठरावीक आसनांचे भाडे सुमारे अडीच हजार रुपयांवर बांधले गेले. खर्च आणि उत्पन्न यांतील तफावत शासन तीन वर्षे भरून देणार. या भरपाईसाठी प्रमुख मार्गांवरील विमानांवर आकार बसवला गेला. योजनेत सामील होणाऱ्या राज्यांनी अशा विमानतळांवर विमान इंधनावरील कर एक टक्का किंवा त्याहून कमी करावा, अशी अट घातली गेली. २७ एप्रिल २०१७ रोजी सुरू झालेल्या पहिल्या उड्डाणांत नांदेड-हैदराबाद हा मार्ग होता.

१६/ या योजनेचे तत्त्व काय? भरलेल्या मार्गाने ओस मार्गाला पोसावे आणि उरलेली तफावत तिजोरीने आधी ठरवून, नाव देऊन भरावी. हे तत्त्व नवे नाही. १९४८ मध्ये एसटीने आणि त्याआधी मुंबईत विजेने ते चालवून दाखवले होते. जमिनीवर जी युक्ती कालबाह्य ठरवून मोडली गेली, तीच आकाशात धोरण म्हणून सन्मानाने परतली.

१७/ येथे एक आक्षेप रास्त आहे. विमानतळ हवेतच. मुंबईच्या विमानतळावर दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्ही एकाच वेळी वापरता येत नाहीत. त्याला लागून शहर वाढले आहे. दुसऱ्या विमानतळाची गरज दशकानुदशके स्पष्ट होती. शिवाय एसटी आणि बेस्ट यांच्या दुरवस्थेत ढिसाळ कारभार आणि राजकीय नेमणुका यांचाही वाटा आहे. सारा दोष विमानांवर लोटणे अप्रामाणिकपणाचे ठरेल.

१८/ पण नवी मुंबईचा विमानतळ केवळ खासगी भांडवलातून उभा राहिला, असेही म्हणता येत नाही. सुमारे ११६० हेक्टर क्षेत्र, उलवे नदीचा वळवलेला प्रवाह, कापून सपाट केलेली टेकडी, दहा गावांचे स्थलांतर. कंपनीत सिडकोचा वाटा २६ टक्के आहे. जमीन मिळवणे, ती भरून उंचावणे आणि गावे हलवणे ही कामे सार्वजनिक यंत्रणेनेच केली.

१९/ त्या भूमीचा इतिहास आणखी जुना आहे. सिडकोची स्थापना १९७० ची. नव्या शहरासाठी संपादित झालेल्या जमिनीच्या मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली लढा उभा राहिला. १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी जासई आणि दास्तान फाटा परिसरात पोलीस गोळीबारात पाच शेतकरी मृत्युमुखी पडले. त्या लढ्यातून साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचे तत्त्व आले. विमानतळबाधितांसाठी पुढे ते साडेबावीस टक्क्यांवर गेले. विमानतळाला ‘दिबां’चे नाव द्यावे, ही मागणी म्हणूनच भावनेपुरती नाही. या गुंतवणुकीतील पहिला हप्ता कोणी भरला, याची ती नोंद आहे.

२०/ ८ ऑक्टोबर २०२५ रोजी या विमानतळाचे उद्घाटन झाले. त्याच दिवशी मुंबईच्या भुयारी मेट्रोचा शेवटचा टप्पाही खुला झाला. सार्वजनिक वाहतुकीवर शासन खर्चच करीत नाही, हा आरोप त्यामुळे टिकत नाही. शासन खर्च करते, आणि भरपूर करते. मात्र ज्याची फीत कापता येते त्यावर तो सढळ असतो. डिझेल, सुटे भाग, चालक-वाहकांचे वेतन आणि रात्रीच्या मुक्कामी गाडीची फेरी यांची फीत कापता येत नाही.

२१/ २०२१ च्या संपात एसटी कर्मचाऱ्यांची मुख्य मागणी होती शासनात विलीनीकरणाची. वेतन अपुरे आणि अनियमित होते. आत्महत्यांच्या बातम्या येत होत्या. न्यायालयाच्या आदेशाने नेमलेल्या त्रिसदस्य समितीने विलीनीकरण शक्य नसल्याचे सांगितले आणि उच्च न्यायालयाने २२ एप्रिल २०२२ पर्यंत कामावर परतण्याची मुदत दिली. विलीनीकरण योग्य होते की नाही, यावर मतभेद असू शकतात. त्या मागणीतला मूळ प्रश्न मात्र अनुत्तरित राहिला : ही सेवा शासनाची आहे, तर तिची तूट कोणाची?

२२/ त्यानंतर पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना मोफत प्रवास आणि मार्च २०२३ पासून महिलांना अर्धे तिकीट मिळाले. प्रवासी वाढले. गाडी स्वस्त आणि नियमित असेल तर माणसे तिच्याकडे वळतात, हे पुन्हा सिद्ध झाले. पण जानेवारी २०२५ मध्ये भाडे सुमारे पंधरा टक्क्यांनी वाढले आणि बोजा पुन्हा ज्याला सवलत नाही त्याच्या खिशावर आला.

२३/ म्हणून मागणी विमानतळ थांबवण्याची असू नये. ती असावी एकाच खतावणीची. विमानाच्या ओस मार्गाची तफावत जशी आधी मोजून, ठरावीक मुदतीसाठी, शीर्षक देऊन अंदाजपत्रकात मांडली जाते, तशीच आडगावच्या एसटीची आणि उपनगरातल्या बसची मांडावी. विमान इंधनाला कराची सवलत मिळते, तर बसच्या तिकिटावरील कराचाही फेरविचार व्हावा. कलम १८ ला कलम २२ इतकेच वजन मिळावे.

२४/ इतिहास वाचणाऱ्या तरुणांनी पुढच्या अर्थसंकल्पात एक प्रयोग करून पाहावा. ‘गुंतवणूक’ आणि ‘तोटा’ हे शब्द जिथे जिथे येतील, तिथे त्या सेवेने कोण प्रवास करतो, हे समासात लिहावे. १९४८ साली अहमदनगरहून निघालेल्या गाडीतल्या उताऱ्यांना आपण कोणत्या खतावणीत आहोत, हे ठाऊक नव्हते. गाडी सुटण्याची वेळ तेवढी ठाऊक होती आणि ती पाळली जाईल, असा भरवसा होता. आज मुक्कामी गाडीची वाट पाहत फाट्यावर उभ्या असलेल्या माणसाला तेवढाच भरवसा हवा आहे.