आघाड्याचा क्षार: जाळलं म्हणजे शुद्ध झालं असं नाही



श्रावण-भाद्रपदात पत्रीसाठी आघाडा लागतो, बाकी वर्षभर आपण त्याला तण म्हणून उपटतो. पण वैद्यांना त्याचा क्षार लागतो. भगंदरासाठी जे क्षारसूत्र करतात, त्या दोऱ्यावर २१ लेप चढतात. ११ नुसत्या निवडुंगाच्या चिकाचे, ७ चीक आणि आघाड्याच्या क्षाराचे, ३ चीक आणि हळदीचे.

क्षार काढायची रीत अशी. बी धरलेला आघाडा मुळासकट उपटायचा, माती धुवून कडक वाळवायचा. स्वच्छ लोखंडी कढईत पांढरी राख होईस्तोवर जाळायचा. गार राखेत चौपट पाणी घालून चोळायचं, रात्रभर ठेवायचं. सकाळी वरचं निवळ पाणी अलगद काढून दोन-तीनदा फडक्यानं गाळायचं आणि मंद जाळावर आटवायचं. तळाला पांढरट भुकटी राहते, तोच क्षार. ॲल्युमिनियमचं भांडं नको, क्षार त्याला खातो. हवेतली ओल ओढतो, म्हणून घट्ट झाकणाच्या काचेच्या बाटलीत ठेवायचा. यात मुख्य असतं ते पोटॅश. तो शब्दच मुळी राखेचं पाणी भांड्यात आटवण्यावरून आलाय.

आता माझं म्हणणं. लोक म्हणतात, आगीत सगळं जळून शुद्ध होतं. तसं नसतं बघा. द्राक्षबागेच्या बांधावरच्या आघाड्यावर मोरचुदाची फवारणी उडालेली असते. त्यातलं तांबं जळत नाही. कारखान्याच्या नाहीतर गटाराच्या पाण्यावर वाढलेल्या झाडात शिसं, कॅडमियम असलं, तर त्यातलंही बरंच राखेत राहतं. भाराभर पाला जाळून राख निघते ओंजळभर. म्हणजे पाल्यात विखुरलेलं ओंजळीत गोळा होतं. आणि हे डोळ्यांना दिसत नाही.

म्हणून आघाडा विकायचा असेल तर फवाऱ्यापासून लांब, चांगल्या पाण्यावर एखादा गुंठा राखून ठेवा. दुसऱ्या तणाची राख मिसळू नका. पोत्यावर शेत आणि महिना लिहा. कृषीच्या साहेबांनीही औषधी वनस्पती लावा म्हणताना माती-पाण्याची तपासणी आधी सांगावी.

आणि घरी काढलेला क्षार पोटात घेऊ नका. तो तोंड, अन्ननळी भाजतो. मूत्रपिंडाचा त्रास असणाऱ्याला तर पोटॅश जिवावर बेतू शकतं. मात्रा वैद्यांनी ठरवायची. आपलं काम झाड चोख पिकवायचं, तेवढं चोख करू.