तासांचा हिशेब ठेवायचा कुणी?

"यंत्राला जात नसते." कामाच्या तासांची नोंद ठेवणारे सॉफ्टवेअर आपोआप चालणारे असावे की हाताने भरायचे, असे विचारले की चळवळीतल्या मुलांकडून हे उत्तर हमखास येते. हिंजवडीत, ऐरोलीत नोकरी करणारे किंवा घरी बसून परदेशी क्लायंटचे काम करणारे आपले अनेक तरुण आज या प्रश्नापाशी उभे आहेत. टॉगलसारख्या साधनात आपण बटण दाबून वेळ सुरू करतो, थांबवतो. दुसऱ्या प्रकारची साधने कोणती विंडो किती वेळ उघडी होती, माऊस किती हलला, हे स्वतःच मोजतात. काही तर स्क्रीनचे फोटोही काढतात.

मुलांच्या या उत्तराची थट्टा करू नये. त्यामागे पिढ्यांचा अनुभव आहे. मस्टर मुकादमाच्या हातात असे तेव्हा कुणाचा दिवस पूर्ण लागणार आणि कुणाचा खाडा पडणार, हे नेहमी काम पाहून ठरत नसे. बाबासाहेबही यंत्रविरोधी नव्हते. यंत्राने माणसाला फुरसत मिळते आणि फुरसतीशिवाय माणसाचे जगणे जनावराच्या पातळीवरून वर येत नाही, या भूमिकेतूनच त्यांनी गांधींच्या यंत्रविरोधाचा समाचार घेतला.

तरीही हे उत्तर मला अर्धवट वाटते. काय मोजायचे हे यंत्र ठरवत नाही, आणि पगारही यंत्र कापत नाही. नागपूर महापालिकेने सफाई कामगारांच्या मनगटावर जीपीएस घड्याळे बांधली. चंदीगड, पंचकुला इथेही तेच झाले. कामगार कुठे आहे हे घड्याळ सांगते. त्याला हातमोजे आणि गमबूट मिळाले का, हे सांगत नाही. झाडू कुणाच्या हातात आहे हे आपल्याला वेगळे सांगायला नको. तसले घड्याळ आयुक्तांच्या मनगटावर का नाही?

मनरेगाच्या कामांवर १ जानेवारी २०२३ पासून मोबाइल ॲपने, दिवसातून दोनदा फोटोसह हजेरी सक्तीची झाली. नेटवर्क नसले, फोटो चढला नाही, की खणलेली माती समोर असूनही मजुरी अडकते. बरे, लबाडी तरी थांबली का? जुलै २०२५ मध्ये केंद्रीय ग्रामविकास मंत्रालयालाच परिपत्रक काढून सांगावे लागले की ॲपवर भलतेच फोटो, फोटोंचे फोटो चढवले जात आहेत.

ऑफिसातही वेगळे घडत नाही. फोनवर क्लायंटला समजावणे, कागदावर आकृती काढणे, कोड वाचत विचार करणे, या वेळात माऊस हलत नाही. नोंद होते 'आयडल'. हा आकडा शेवटी मॅनेजरकडेच जातो. आपल्या गोतातल्याला तो चहावर बोलावून कारण विचारतो. ज्याला आधीच 'कोट्यातला' म्हणून पाहतो, त्याला थेट मेल करतो. म्हणजे मुकादम गेला नाही, त्याच्या हातात आता आलेख आला.

पण हाताने भरणेही सोवळे नाही. शुक्रवारी आठवून आठवडा भरला की तास गोलमाल होतात, आणि बहुतेक वेळा आपण स्वतःचेच तास कमी लिहितो. शिवाय अपवर्कवर हाताने भरलेल्या तासांना पैशाची हमी नाही. अटी पाळून ट्रॅकरने नोंदलेल्या तासांना ती आहे. अनोळखी क्लायंटचे तासावरचे काम असेल तर मी ट्रॅकरच वापरायला सांगेन.

समाजमाध्यमांवर दरवर्षी "बाबासाहेबांनी १४ तासांचे ८ केले" अशी पोस्ट फिरते. नोंद अशी आहे: १९४२ ते १९४६ ते मजूरमंत्री होते आणि १९४६ च्या दुरुस्तीने बारमाही कारखान्यांतले आठवड्याचे ५४ तास ४८ वर आले. हे फुगवायची गरज नाही. मात्र ही मर्यादा मागायला कामगाराच्या हातात तासांचा पुरावा लागतो. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात जादा कामाला दुप्पट दर आहे, पण जादा काम झाले हे दाखवणार कशाने? मालकाच्या सर्व्हरवरच्या आलेखाने?

म्हणून नोकरी करणाऱ्याने आपल्या खासगी लॅपटॉपवर ॲक्टिव्हिटीवॉचसारखे, माहिती आपल्याच संगणकात ठेवणारे मोफत साधन चालवावे आणि रोज संध्याकाळी त्याकडे पाहून टाइमशीट स्वतः भरावी. कंपनीचा ट्रॅकर लादला गेला तर तो काय मोजतो हे लेखी मागावे, आपली नोंद त्याच दिवशी पाहायला आणि दुरुस्त करायला मिळावी असा आग्रह धरावा. हे एकट्याने मागितले तर नाव काळ्या यादीत जाईल; दहा जणांनी सही करून मागावे. कंत्राटी सफाई कामगारांत काम करणाऱ्या साथींनी तर घड्याळाशेजारी एक वही सुरू करावी: तारीख, आल्याची वेळ, गेल्याची वेळ, त्या दिवशी घड्याळ बंद होते का, आणि शेजारच्या कामगाराची सही.