दहा बाय बाराचं होम थिएटर

इंटर्नशिपचे पहिले पैसे हातात आलेत, घरचा टीव्ही रडतखडत चालतोय, आणि पिक्चर, मॅच, गेम, प्रोजेक्ट सगळं एकाच मोठ्या पडद्यावर व्हावं असं वाटतंय. मग आपण काय करतो? सेल लागला की ५५ इंची स्मार्ट टीव्ही ईएमआयवर उचलतो. माझं म्हणणं असं की तुम्ही गिरगाव, दादर, परळ किंवा लालबागच्या चाळीत राहत असाल, तर हे करू नका. पडदा वेगळा घ्या आणि कॉम्प्युटर वेगळा घ्या. जवळपास तेवढ्याच पैशांत दोन्ही बसतं.

आमची लालबागची खोली दहा बाय बारा. त्यात मोरी, ओटा, कपाट, आजीची कॉट आणि आम्ही पाच जण. दादा स्पर्धा परीक्षेची तयारी करतो, त्याची लेक्चर्स ऑनलाइन. मी मीडियाला होते, म्हणजे व्हिडिओ एडिटिंग आलंच. आजीच्या सिरियल्स, बाबांच्या बातम्या. लॅपटॉप परवडणारा नव्हता. त्यामुळे आमच्याकडे ‘होम थिएटर’ म्हणजे घरातला एकुलता एक कॉम्प्युटर असणार होता. तो चुकला असता तर दादाचं एक वर्ष त्यात गेलं असतं, हे लक्षात ठेवून आम्ही बसलो.

आधी टेप घेऊन भिंत मोजली. ५५ इंची टीव्ही चार फूट रुंद असतो, ४३ इंची जेमतेम सव्वातीन. आजीची कॉट पडद्यापासून सहा फुटांवर. आता हिशोब बघा. ४३ इंचांवर फुल एचडी चित्राचे ठिपके साध्या नजरेला साडेपाच फुटांपलीकडे वेगळे दिसतच नाहीत. म्हणजे कॉटवरून बघणाऱ्याला फुल एचडी आणि फोरके सारखंच. ४३ इंचांत हल्ली बहुतेक टीव्ही फोरकेच येतात, त्याला हरकत नाही, कारण दोन-तीन फुटांवर खुर्ची ओढून अक्षरं वाचायची असतील तेव्हा फोरके खरंच उपयोगी पडतं. आणखी एक. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांवरच्या टीव्हींचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. त्यामुळे ‘टॅक्स कमी म्हणून ३२ इंचीच घेऊ’ हा घरोघरीचा जुना युक्तिवाद आता संपला.

पण इंचांपेक्षा महत्त्वाची गोष्ट कुणी सांगत नाही. एका खोलीत पाच जण पाच कोनांतून टीव्ही बघतात. आजी समोर, आई ओट्यापाशी तिरकी, बाबा गॅलरीच्या दाराशी. व्हीए पॅनलमध्ये काळा रंग छान गडद दिसतो, पण बाजूने बघितलं की चित्र फिकं पडतं. आयपीएसमध्ये काळा थोडा राखाडी दिसतो, पण बाजूनेही रंग टिकतात. रिव्ह्यू करणारे अंधाऱ्या खोलीत सोफ्याच्या मधोमध बसतात, म्हणून त्यांना व्हीए आवडतं. आपल्याकडे दार दिवसभर उघडं आणि सोफा नाहीच. आयपीएस घ्या. दुकानात बॉक्सवर लिहिलेलं नसेल तर टीव्हीच्या कडेला जाऊन उभं राहा आणि एखाद्या चेहऱ्याकडे बघा. चेहरा पांढुरका झाला की पुढच्या टीव्हीकडे चला. सेल्समन हसेल, हसू दे.

आता कॉम्प्युटर. स्मार्ट टीव्हीतही एक छोटा कॉम्प्युटरच असतो, पण बहुतेक वेळा हलका आणि अगदी थोड्या रॅमचा. काही वर्षांत अ‍ॅप्स जड होतात, अपडेट थांबतात, आणि पडदा ठणठणीत असताना आपण ‘टीव्ही स्लो झालाय’ म्हणून नवा घेतो. कॉम्प्युटर वेगळा असेल तर फक्त तोच बदलायचा.

तो मिळेल लॅमिंग्टन रोडला. कागदोपत्री डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण रिक्षा नसलेल्या आपल्या मुंबईत टॅक्सीवाल्याला ते नाव सांगून बघाच. याच रस्त्यावरच्या मिनर्व्हात ‘शोले’ पाच वर्षं चालला. आज थिएटर नाही, पण थिएटर बनवायचं सामान तिथेच मिळतं. मी गेले तेव्हा दुकानदार माझ्याशी न बोलता सोबतच्या मित्राला विचारत होता, ‘बॉस, बजेट कितना है?’ मित्राला रॅम आणि रोममधला फरक माहीत नव्हता. असो.

मागायचा तो ऑफिसातून निघालेला मिनी पीसी. ऑप्टिप्लेक्स मायक्रो, थिंकसेंटर टायनी, एलिटडेस्क मिनी, यांपैकी काहीही. जाड पुस्तकाएवढा डबा. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला आणि विंडोज ११ ला इंटेलची निदान आठवी पिढी लागते. म्हणून सहाव्या-सातव्या पिढीचे डबे स्वस्तात दिसतील. दुकानदार म्हणेल, ‘इलेवन डाल के देता हूँ.’ टाकून देईलही, पण ते आडमार्गाने टाकलेलं असतं आणि पुढे अपडेट मिळतील याची खात्री नसते. लिनक्स वापरायची तयारी असेल तर सातवी पिढी खुशाल घ्या, ती दहा-बिटचा एचईव्हीसी व्हिडिओ आरामात चालवते. सहावीवर थांबू नका, तिथे तोच व्हिडिओ अडखळतो. मी आठव्या पिढीचा आय-फाइव्ह घेतला, १६ जीबी रॅम, एसएसडी. बिल घेतलं. ‘विदाउट बिल’ स्वस्त पडतं, पण महिन्याने डबा बंद पडला तर दाखवायला हातात काही नसतं.

एक चूक मी केली ती तुम्ही करू नका. या मिनींना बहुतेकदा डिस्प्लेपोर्ट असतो आणि टीव्हीला एचडीएमआय. मी पहिलं दिसलं ते स्वस्त कन्व्हर्टर घेतलं. फोरकेला सेकंदाला ३० च चित्रं यायला लागली आणि माऊस चिखलातून ओढल्यासारखा चालायला लागला. एचडीएमआय २.० चं, फोरके ६० हर्ट्झ लिहिलेलं अ‍ॅक्टिव्ह कन्व्हर्टरच मागा. आणि टीव्हीच्या सेटिंगमध्ये त्या इनपुटचं नाव ‘पीसी’ करा. अनेक टीव्हींमध्ये तेवढ्यानेच अक्षरांच्या कडा स्वच्छ होतात आणि कापला जाणारा टास्कबार परत येतो.

मोठा टॉवर आणि ग्राफिक्स कार्ड? गेमिंग हाच जीव असेल तर घ्या, पण आजी सहा फुटांवर झोपते आणि पंखा रात्रभर घरघरतो. शिवाय नुसता चालू ठेवला तरी मिनी साधारण १० वॅट खातो, टॉवर ६० च्या आसपास. रोज आठ तास धरले तर महिन्याला अडीच युनिट विरुद्ध साडेचौदा. बेस्टचं बिल बाबाच भरतात, तेव्हा हा आकडा त्यांना आधी दाखवा, परवानगी लवकर मिळते. हिंदमाताच्या बाजूला तळमजल्यावर राहत असाल तर आणखी एक फायदा. मिनी टीव्हीमागे टांगता येतो, पावसाचं पाणी घरात आलं तरी वर राहतो.

साउंडबारसोबतचा सबवूफर घेऊ नका. चाळीची भिंत दोघांची असते. धमाका तुमच्या पिक्चरमध्ये होतो आणि शेजारच्या काकूंच्या फळीवरचे डबे वाजतात. दोन साधे स्पीकर आणि रात्रीसाठी लांब वायरचा हेडफोन पुरतो.

फक्त ओटीटीच बघायचं असेल, तर मात्र यातलं काहीच करू नका. पैसे भरलेल्या ओटीटीचं फोरके कॉम्प्युटरच्या ब्राउझरवर कॉपी-संरक्षणामुळे सहज मिळत नाही, लिनक्सवर तर नाहीच. तिथे टीव्हीचं स्वतःचं अ‍ॅप किंवा साधी स्टिक जास्त चांगलं चित्र देते. आमच्याकडेही सिरियल टीव्हीच्या अ‍ॅपवर चालते आणि दादाचं लेक्चर मिनीवर.

भांडण थांबलंय असं नाही. टीव्हीशेजारी कॅलेंडरवर वेळापत्रक लिहिलंय. साडेआठपर्यंत आजी, मग तासभर बातम्या, दहानंतर दादा, उरली रात्र माझी. गेल्या आठवड्यात आजीने मला रिमोटवरचं ‘इनपुट’चं बटण दाखवायला सांगितलं. दादाचं लेक्चर संपलं की कुणाला न उठवता तिला सिरियलचा चुकलेला भाग लावायचा असतो. हेडफोनसुद्धा आता तिच्याच उशाशी असतो.