आधी कळस मग पाया नको!



आजचे युग हे संगणकाचे युग आहे. संगणकाला काम सांगायच्या अनेक भाषा आहेत. त्यांपैकी १९९१ साली पहिल्यांदा प्रसिद्ध झालेली पायथन ही भाषा आम्ही शिकत आहोत. तिच्यात अक्षरांच्या माळेला स्ट्रिंग म्हणतात. एकच काम पुन्हा पुन्हा करायला सांगतात, त्याला लूप म्हणतात.

सध्या आमच्या वर्गात एक वाद रंगला आहे. भात, नाचणी, वरी, तीळ हे चार शब्द जोडून एक ओळ करायची. काही जण म्हणतात, "लूप कशाला? जॉइन म्हटलं की झालं काम!" पण माझे मत वेगळे आहे. आधी लूपने जोडावे, मगच जॉइन वापरावे.

का ते सांगते. आई तोरण करताना आधी रिकामा दोरा घेते, मग एकेक पान ओवते. इथेही तसेच. लूपच्या आधी रिकामी स्ट्रिंग घ्यायची, मग दर फेरीला तिला एक शब्द जोडायचा. मी मात्र ती रिकामी स्ट्रिंग लूपच्या आत लिहिली. झालं! पडद्यावर नुसता 'तीळ' उरला. सगळे हसले. मला रडूच आलं. मग वहीत एकेक फेरी लिहून पाहिली, तेव्हा चूक सापडली. दर फेरीला नवा दोरा घेतला तर तोरण होणार कसं? त्या दिवशी मला लूप खरं कळलं.

जॉइन वाईट आहे असे नाही. लूपने जोडताना शेवटी एक जादा स्वल्पविराम लोंबतो. जॉइन तो फक्त मध्येच घालते. शब्द हजारो असले तर तेच सोयीचे, कारण पायथनमध्ये जुनी स्ट्रिंग बदलत नाही, दर बेरजेला नवी करावी लागते. पण हे कळायलासुद्धा आधी लूपच करावा लागतो ना? गणकयंत्र आहे म्हणून आपण पाढे सोडले का?

पालकांना एक विनंती. मूल वहीत फेऱ्या मांडत बसले, तर "संगणक सोडून हे काय?" असे म्हणू नका. तोच खरा अभ्यास आहे.

थेंबे थेंबे तळे साचे. तुम्हांला काय वाटते? जरूर सांगा.

— एक विद्यार्थिनी, इयत्ता सातवी