भोगीच्या आधींचा बाजार

‘बाजारांत तुरी आणि भट भटणीला मारी’ ही म्हण ज्यानें प्रथम उच्चारली, त्यानें आमचेंच घर पाहिलें असावें. भोगीच्या आधींचा आठवडी बाजार उद्यांवर आला कीं जुन्या जालन्यांतील आमच्या घरांत आदल्या रात्रींच वाद सुरू होतो. भोगीच्या भाजींत वांगीं अधिक असावींत कीं गाजरें, यावर दोन सुना व एक सासूबाई यांचीं तीन मतें पडतात. आणि तुरीच्या शेंगा तर अजून शेतांतच असतात! अखेर यादी आमच्या हातीं येते, पिशव्या मुलांच्या खांद्यांवर चढतात आणि आमची स्वारी निघते.

यादी घरीं होते, परंतु बाजार ती पाळूं देत नाहीं. पोत्यावर मांडलेली करडईची कोवळी भाजी, आंबट चुका, हरभऱ्याचे ढाळे, बोरांचे ढीग, आणि त्यांच्या शेजारींच कुंभारणीचीं काळीं-तांबडीं सुगडें! जालन्याच्या मोसंबीला व दगडी ज्वारीला आतां भौगोलिक मानांकन मिळालें आहे. पण मोसंबी हातांत घेऊन, जोखून, वास घेऊन निवडण्याचा आनंद कोणत्याही मानांकनाहून जुना आहे.

आमचे आजोबा सांगत कीं निजामी अमदानींत बाजार हीच मुलांची अंकगणिताची शाळा होती. संस्थानचा हाली शिक्का निराळा, इंग्रजी कलदार निराळा. साधारणतः सात हाली रुपये म्हणजे सहा कलदार. धान्य मापानें मिळे : दोन शेरांची अधोली, चार शेरांची पायली. पुढें १९५९ सालीं हाली शिक्का चलनांतून गेला आणि १९६२ पासून देशभर किलोग्रॅमच सक्तीचा झाला. हिशेब सोपा झाला खरा; तथापि बाजारांत शिकण्याजोगें आणखी एक गणित शिल्लक आहे, तें आम्हांस गेल्या पौषांत कळलें.

बाजाराचें घड्याळ निराळें असतें. सकाळीं भवानीची वेळ. पहिलें गिऱ्हाईक परत जाऊं नये म्हणून विकणारी दोन पावलें मागें येते. संध्याकाळीं बाजार मोडूं लागला कीं उरलेली भाजी परत गांवीं नेणें म्हणजे भाड्याचा भुर्दंड आणि सकाळपर्यंत सारा माल कोमेजलेला. म्हणून भाव उतरतो. आमच्यासारखीं शहाणीं म्हणविणारीं माणसें हें ओळखून मुद्दाम दिवस कलतांनाच बाहेर पडतात.

त्या दिवशींही तसेंच झालें. एका वृद्ध बाईपुढें चुक्याच्या शेवटच्या तीन जुड्या होत्या. दहा रुपयांस एक असें तिनें सांगितलें. आम्हीं तिन्हींचे वीस म्हटलें. तिनें एकवार मावळत्या उन्हाकडे पाहिलें आणि जुड्या आमच्या पिशवींत टाकल्या. आम्ही विजयी मुद्रेनें वळलों, तोंच तिनें आमच्या नातीला हांक मारली, “घे माय, बोरं खा,” आणि मूठभर बोरें तिच्या ओंजळींत घातलीं.

वाटेंत नातीनें विचारलें, “आजोबा, आपण त्यांचे दहा रुपये कमी केले ना? मग त्यांनीं बोरें कां दिलीं?”

आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. कांचेच्या दाराच्या दुकानांत डब्यावर छापलेली किंमत आम्ही मुकाट्यानें देतों. आमची सारी हुशारी उन्हांत दिवसभर बसलेल्या बाईपुढेंच कां जागी व्हावी?

घासाघीस हा बाजाराचा रंग आहे; ती अजिबात सोडावी असें आम्ही म्हणत नाहीं. भाव करतां करतांच गांवची, पावसाची, पिकाची चौकशी होते आणि ओळख वाढते. पण त्या दिवसापासून आमच्या घरीं एक नियम झाला आहे : बाजारास सकाळीं जावयाचें, आणि उशीर झालाच तर बाई सांगेल तोच भाव द्यावयाचा. या नियमानें महिन्याकाठीं किती रुपये जास्त जातात याचा हिशेब सासूबाई ठेवतात व तो आम्हांस ऐकवितात.

तुरीच्या शेंगांवरून मात्र यंदाही भांडण होईलच. तेवढें भोगीच्या भाजीला लागतें!