शाल मिळाली, बिदागीचे काय?

दर वर्षी प्रजासत्ताकदिनाच्या आदल्या संध्याकाळी पद्मसन्मानांची यादी जाहीर होते आणि दुसऱ्या दिवशी झेंडावंदन आटोपून घरी परतलेला मराठी गृहस्थ चहाचा कप हातात घेऊन एकच सवाल टाकतो : "या नाचणाऱ्या-गाणाऱ्यांनी देशासाठी असे केले तरी काय?" सीमेवरचा जवान, प्रयोगशाळेतला शास्त्रज्ञ आणि खेड्यातला मास्तर यांना डावलून नटांना नि गवयांना सन्मान कशाला, अशी ती तक्रार असते. दिसायला ती मोठी सात्त्विक आहे. म्हणूनच तिचा समाचार घेणे जरूर आहे.

या तिघांतला मास्तर मी आहे. तेव्हा माझ्या वतीने चाललेली ही वकिली मी आधी नाकारतो. २००१ साली लता मंगेशकर आणि बिस्मिल्ला खाँ यांना 'भारतरत्न' मिळाले, म्हणून एकाही शिक्षकाचा पगार कमी झाला नाही. उलट, जे गृहस्थ वर्षातून एकदा मास्तरांचा असा कैवार घेतात, तेच मुलीसाठी स्थळे पाहताना मास्तराचे नाव यादीच्या तळाशी ठेवतात! जवानासाठी परमवीरचक्र आहे, वीरचक्र आहे. शास्त्रज्ञांत चंद्रशेखर व्यंकट रामन तर १९५४ सालच्या पहिल्याच 'भारतरत्नां'त होते. आणि त्याच वर्षी या सन्मानाची पात्रता ठरली, तेव्हा तीत कलेचे नाव स्पष्ट होते. कलावंत मागच्या दाराने शिरलेला नाही. त्याला पहिल्या दिवसापासून आमंत्रण होते.

मग पोटदुखी कसली? स्पष्ट बोलायचे तर ती जुनी आहे. गाणे हवे, गाणारी नको. तमाशाला पुढची जागा हवी, पण तमासगिरिणीला घराच्या ओटीवर जागा नको, हा आपला पिढ्यान् पिढ्यांचा व्यवहार. ज्यांच्या पायांत चाळ होते त्या बहुतेक जातींना गावाने वेशीबाहेरच ठेवले होते. अशांपैकी कोणी राष्ट्रपतिभवनाच्या पायऱ्या चढली, की आपल्या पोटात कालवते आणि आपण त्या कालवण्याला देशभक्तीचे नाव देतो.

परक्या सरकारला मात्र या करमणुकीची किंमत बरोबर कळली होती. खाडिलकरांचे 'कीचकवध' १९०७ साली रंगभूमीवर आले आणि १९१० साली इंग्रजांनी त्यावर बंदी घातली. नुसत्या गंमतीवर कोणी बंदी घालीत नाही! संयुक्त महाराष्ट्राची चळवळ खेड्यापाड्यांत नेली ती पुढाऱ्यांच्या भाषणांइतकीच अमर शेख आणि अण्णा भाऊ साठे यांच्या डफ-तुणतुण्याने. ज्याला चार अक्षरे येत नव्हती, त्याला इतिहास पोवाड्याने शिकवला आणि संसारातला शहाणपणा वगाने. आम्ही वर्गात पन्नास पोरे सांभाळतो. शाहीर मैदानभर माणसे सांभाळीत होता. हे राष्ट्रकार्य नव्हे, असे म्हणणाऱ्याने राष्ट्र म्हणजे काय ते एकदा सांगावे.

पण म्हणून सरकारच्या प्रत्येक यादीपुढे मी मान तुकवणार नाही. सन्मान कलेचा होतो की कीर्तीच्या उपयोगाचा, हे पाहिले पाहिजे. चित्रपटनट आणि मुख्यमंत्री असलेल्या एम. जी. रामचंद्रन यांना १९८८ साली मरणोत्तर 'भारतरत्न' मिळाले. तमिळनाडूतल्या निवडणुकीकडे डोळा ठेवून ते दिले, अशी टीका तेव्हाच झाली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना ते १९९० साली मिळाले आणि सरदार पटेलांना १९९१ साली! दोष त्या नटाचा नव्हे. लोकप्रियतेच्या दाराशी सत्ता ताट घेऊन उभी राहते, तेव्हा सन्मानाची किंमत उतरते ती अशी.

दुसरा रोग आपला स्वतःचा आहे. रावबहादूर नि रावसाहेब गेले, पण आपल्या मनातली बिरुदांची हौस गेली नाही. राज्यघटनेच्या अठराव्या कलमाने सैनिकी आणि विद्याविषयक बहुमान सोडून राज्याने किताब देणे बंद केले. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की हे सन्मान म्हणजे किताब नव्हेत. सबब ते नावाच्या मागे-पुढे लावू नयेत. तरीही सत्काराच्या निमंत्रणपत्रिकेत 'पद्मश्री' अमुक नि 'पद्मभूषण' तमुक छापल्याखेरीज आपल्याला सत्कार झाल्यासारखा वाटत नाही. खरी पदवी लोकांच्या तोंडून येते. नारायणराव राजहंसांना 'बालगंधर्व' हे नाव लोकमान्यांनी दिले असे सांगतात. त्याला कोणत्याही गॅझेटची गरज पडली नाही. सरकारचे 'पद्मभूषण' आले १९६४ साली, देह सुटण्याआधी अवघी तीन वर्षे.

हा उशीर हीच माझी मुख्य तक्रार आहे. लावणीसम्राज्ञी यमुनाबाई वाईकरांना 'पद्मश्री' मिळाली २०१२ साली. तोवर त्यांनी वयाची पंचाण्णव वर्षे ओलांडली होती. विठाबाई नारायणगावकरांची गोष्ट तर महाराष्ट्राला पाठ आहे. ऐन प्रयोगात कनातीमागे बाळंत होऊन ती बाई पुन्हा बोर्डावर उभी राहिली, असे सांगतात. तिला १९५७ साली आणि १९९० साली राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव मिळाला. आणि २००२ साली ती गेली तेव्हा दवाखान्याचे बिल लोकांच्या देणग्यांतून भागवावे लागले. पुढे २००६ साली राज्य सरकारने तिच्याच नावाने जीवनगौरव पुरस्कार सुरू केला. पदकाने भाकर भाजत नाही. पद्मसन्मानाबरोबर एक पैचीही रक्कम नसते, हे कितीजणांना ठाऊक आहे?

तेव्हा माझे मागणे सरळ आहे. कलावंताला राष्ट्राचा सन्मान मिळालाच पाहिजे; पण ज्याचे देणे तिकीट-खिडकीने आधीच व्याजासकट फेडले आहे, त्याने रांगेत थोडे मागे उभे राहावे. झाडीपट्टी रंगभूमीवर जन्म घालवणाऱ्या परशुराम खुणे यांना २०२३ साली 'पद्मश्री' मिळाली, तेव्हा ती यादीच शोभून दिसली. असे मान हातपाय चालताहेत तोवर द्यावेत आणि त्यांच्या जोडीला म्हातारपणाची भाकरी द्यावी.

आणि हे सारे दिल्लीवर ढकलून फराळाला बसू नये. यात्रांचे दिवस जवळ आले, की नारायणगावला फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे कारभारी सुपारी द्यायला येतात. तिथे फडमालकाशी पाचशे रुपयांसाठी तासभर घासाघीस करायची आणि घरी येऊन कलावंतांच्या उपेक्षेवर हळहळायचे, हे आता पुरे झाले. ठरलेली बिदागी पुरी द्या, बारी चालू असता तोंड आवरा, आणि रात्रभर नाचलेल्या बाईला सकाळी गावात अंघोळीला पाणी आणि बसायला सावली मिळेल एवढे पाहा. पद्मसन्मानाची शाल तिच्या खांद्यावर पडेल तेव्हा पडेल!